शिष्यवृत्तीची रेषा कुठं ओढलेली असते

बारावीचा निकाल लागला की दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, वरूड अशा गावांमध्ये एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं : "पोरीले ऐंशी टक्के नाही भेटले, मंग फारम कायले भराव?" वाक्य बापाचं असतं, कधी शेजाऱ्याचं, आणि वाईट वाटतं ते कधी कधी शिक्षकाच्याही तोंडचं असतं म्हणून. फॉर्म भरला जात नाही. ज्या मुलीला पदवीची तीन वर्षं दरसाल 12,000 रुपये मिळण्याची शक्यता होती, ती अर्जदारांच्या यादीत नावच घालत नाही.

गुणांवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांविषयी वऱ्हाडात सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच आहे. सरकारी नियमात 'ऐंशी' हा आकडा आहे, हे खरं. पण तो टक्क्यांचा नाही, पर्सेंटाइलचा आहे.

ज्या योजनेतून हा आकडा आला ती केंद्र सरकारची, महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठीची. ती 2008 साली सुरू झाली आणि हल्ली पीएम-यूएसपी या नावाखाली चालते. देशभरात दरवर्षी 82,000 नव्या शिष्यवृत्त्या, त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल 12,000 रुपये, पदव्युत्तर वर्गात 20,000. अभ्यासक्रम चार किंवा पाच वर्षांचा असेल तर चौथ्या-पाचव्या वर्षीही 20,000. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं, शिक्षण नियमित हवं, बहिःस्थ किंवा दूरस्थ नको. गुणांची अट अशी की, विद्यार्थी आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्यांमध्ये ऐंशीव्या पर्सेंटाइलच्या वर असला पाहिजे.

आता हे पर्सेंटाइल म्हणजे काय? टक्के सांगतात, सहाशेपैकी किती गुण पडले. पर्सेंटाइल सांगतं, आपल्याबरोबर उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जण आपल्या मागे आहेत. समजा, एका शाखेत हजार मुलं उत्तीर्ण झाली. त्यांना गुणांप्रमाणे ओळीनं उभं केलं आणि वरून दोनशे मोजले, तर त्या दोनशेव्या मुलाजवळ रेषा ओढली जाते. त्याला 85 टक्के असतील तर रेषा 85वर, 66 असतील तर 66वर. रेषा गुणांनी ठरत नाही, सोबतच्या मुलांनी ठरते. पेपर कठीण गेला, सगळ्यांचेच गुण घसरले, की रेषाही खाली येते.

यातला 'आपल्या शाखेत' हा भाग फार मोलाचा आहे आणि नेमका तोच कुणी समजावून सांगत नाही. कला शाखेतल्या मुलीची तुलना विज्ञान शाखेतल्या मुलाशी होत नाही. अंजनगाव सुर्जीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी, इतिहास, अर्थशास्त्र घेऊन बसलेली मुलगी राज्यातल्या कला शाखेच्याच मुलामुलींबरोबर मोजली जाते. विज्ञानातले गुण प्रात्यक्षिकांनी फुगतात, कलेतले तसे फुगत नाहीत, ही तिची नेहमीची तक्रार या योजनेपुरती निकालात निघालेली आहे. राज्याच्या वाट्याला आलेल्या शिष्यवृत्त्याही शाखावार वाटल्या जातात : विज्ञान, वाणिज्य आणि कला यांना 3:2:1 या प्रमाणात. म्हणजे निम्म्या विज्ञानाला, एक तृतीयांश वाणिज्याला, एक षष्ठांश कलेला. कलेचा वाटा लहान आहे, हे मला पटत नाही. ग्रामीण वऱ्हाडातल्या मुली मोठ्या संख्येनं याच शाखेत आहेत. पण तो वाटा राखलेला आहे, दुसरी शाखा तिथं स्पर्धेला येत नाही, हेही तितकंच खरं.

ऐंशीच्या वर असणं म्हणजे शिष्यवृत्ती हातात पडणं नव्हे. ती अर्ज करण्याची पात्रता. पुढची निवड उपलब्ध संख्येप्रमाणे गुणानुक्रमानं होते, आरक्षण धरून होते. निवड झाल्यावरही दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी वार्षिक परीक्षेत 50 टक्के गुण व वर्गात 75 टक्के हजेरी लागते. शेतातल्या कामासाठी महिना महिना घरी राहणाऱ्या मुलांची दुसऱ्या वर्षाची रक्कम हजेरीपायी अडकू शकते. ही अट पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

आणखी एक अट आहे : ही शिष्यवृत्ती घ्यायची तर राज्याची दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी-माफी घेता येत नाही. त्यामुळे घरी बसून हिशेब मांडावा लागतो. अनुदानित महाविद्यालयात बी.ए. किंवा बी.कॉम. करणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या मुलीची फी थोडकी असते. तिला केंद्राचे 12,000 जास्त फायद्याचे. तीच मुलगी अभियांत्रिकीला गेली तर राज्याची शुल्क-माफी कितीतरी मोठी. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतात, त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. कुठलं घ्यायचं ते आकडे शेजारी-शेजारी लिहून ठरवावं, ऐकीव माहितीवर नव्हे.

आपल्याकडे 'मेरिट' म्हटलं की अजून जुनं चित्र डोळ्यांपुढं येतं : बोर्डात आलेला मुलगा, वर्तमानपत्रातला फोटो, पेढ्याचा डबा. बोर्डानं गुणवत्ता यादी जाहीर करणं केव्हाच बंद केलं, पण मनातली यादी गेली नाही. "आपला पोरगा काही मेरिटचा नाही," असं म्हणणारा कास्तकार त्या जुन्या यादीशी पोराला ताडून पाहत असतो. आजच्या योजनांमध्ये मेरिट म्हणजे पहिल्या पन्नासांत असणं नाही. कुठं वरच्या वीस टक्क्यांत असणं पुरतं, कुठं आपल्या जिल्ह्याच्या यादीत येणं पुरतं, कुठं ठराविक टक्के ओलांडले की पुरे होतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे : दहावीत 75 टक्के किंवा अधिक असले की अकरावी-बारावीत दरमहा 300 रुपये, दहा महिने. तिथं कुणाशी तुलनाच नाही. रक्कम मात्र आजच्या काळात अपुरी आहे. अकोल्यात खोली करून राहणाऱ्या मुलाचा तीनशे रुपयांत महिन्याचा चहाही भागत नाही. ती वाढली पाहिजे.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथं बारावीचे गुण फक्त दार उघडतात : खुल्या प्रवर्गाला विषयगटात 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40. आत कुठं बसायचं ते एमएचटी-सीईटी ठरवते. दोनशे गुणांची परीक्षा, त्यात शंभर एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. सुमारे वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात. अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष मानणाऱ्यांना हा वाटा नडतो.

सीईटीचा निकालही पर्सेंटाइलमध्येच येतो, पण इथं त्याचं कारण निराळं. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. सकाळचा पेपर सोपा, दुपारचा अवघड, असं होणारच. म्हणून प्रत्येकाला त्याच्या सत्रातल्या मुलांशीच ताडतात. उदाहरण म्हणून, एका सत्रात 120 गुणांना 95 पर्सेंटाइल असेल, तर अवघड सत्रात ते 110 गुणांनाही मिळू शकेल. सारख्याच पर्सेंटाइलचे फार विद्यार्थी होऊ नयेत म्हणून तो आकडा दशांशचिन्हापुढं सात स्थळांपर्यंत काढतात. "माह्या दोस्ताले कमी मार्क, पण पर्सेंटाइल जास्त, हे काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

या सीईटीच्या गुणांवर मिळणारी खरीखुरी गुणवत्ता सवलत म्हणजे टीएफडब्ल्यूएस, शिक्षण शुल्क माफी योजना. मान्यताप्राप्त संस्थेत मंजूर प्रवेशसंख्येच्या वर पाच टक्के जादा जागा असतात. साठ जागांची शाखा असेल तर तीन. या जागांवर संपूर्ण शिक्षण शुल्क माफ. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, निवड निव्वळ गुणानुक्रमानं. जागा इतक्या कमी असल्यानं इथली शेवटची रेषा बहुधा त्याच शाखेच्या खुल्या यादीपेक्षा वर असते. विकास शुल्क व इतर शुल्कं भरावी लागतात, आणि पुढं शाखा बदलता येत नाही.

ही सवलत हातची जाते ती बऱ्याचदा पसंतीक्रमाच्या अर्जात. टीएफडब्ल्यूएसच्या जागेला वेगळा सांकेतांक असतो आणि त्याच्या शेवटी 'टी' हे अक्षर असतं. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बडनेऱ्याचं राम मेघे, शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय असे पर्याय भरताना नुसता साधा सांकेतांक टाकला आणि 'टी'वाला टाकलाच नाही, तर गुण कितीही असोत, ती जागा मिळत नाही. प्रत्येक आवडत्या शाखेचा 'टी'वाला पर्याय आधी आणि साधा त्याच्या खाली, असा क्रम लावावा. उत्पन्नाचा दाखला अर्ज भरतानाच जोडावा लागतो.

मुलींच्या बाबतीत 2024-25 पासून मोठा बदल झाला. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याच उत्पन्नगटातल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला मात्र राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मंच मिळतं. म्हणून आज टीएफडब्ल्यूएसची जागा सर्वांत उपयोगाची आहे ती मुलांना. मुलींच्या या माफीत गुणांची अट लिहिलेली दिसत नाही, पण ती आत दडलेली आहे : प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी गेली. म्हणजे सीईटीचा प्रत्येक गुण इथंही पैशातच मोजला जातो.

विज्ञान शाखेतून बी.एस्सी.कडे वळणाऱ्या हुशार मुलांना आपल्याकडे "मेडिकल नाही भेटलं काय?" असं विचारतात. अशा मुलांनी इन्स्पायर शिष्यवृत्ती जरूर बघावी. आपल्या बोर्डात बारावीला वरच्या एक टक्क्यात असणारा, किंवा जेईई-नीटमध्ये पहिल्या 10,000 जणांत आलेला विद्यार्थी जर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र अशा मूलभूत विज्ञानाला गेला, तर त्याला वर्षाला 80,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात : 60,000 रोख आणि 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. त्या एक टक्क्यातले बहुतेक जण अभियांत्रिकी आणि वैद्यकीयकडे जातात, आणि ते अभ्यासक्रम या योजनेत बसत नाहीत. अमरावतीच्या व्हीएमव्हीत, म्हणजे आजच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत, बी.एस्सी. करणाऱ्यालाही हा मार्ग खुला आहे.

हे सगळं बारावीनंतरचं. पण कॉलेजच्या शिष्यवृत्तीची खरी तयारी सातवी-आठवीत होते, आणि त्या वयात जिल्हा परिषदेच्या शाळेतला एक जागरूक शिक्षक फार मोठं काम करू शकतो. आठवीतली एनएमएमएस परीक्षा ही त्याची जागा. सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50), पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, शाळा सरकारी किंवा अनुदानित. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय, प्रत्येकी 90 प्रश्न. पात्र व्हायला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 32. निवड झाली की नववी ते बारावी दरमहा 1,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. मात्र अकरावीत ती चालू राहायची तर दहावीला 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 55.

एनएमएमएसची निवड यादी जिल्हावार लागते. अकोल्याचं पोरगं पुण्याच्या पोराशी नव्हे, अकोल्याच्याच पोरांशी स्पर्धा करतं. अमेरिकेत 1955 पासून चालणाऱ्या नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीतही अशीच सोय आहे. तिथं उपांत्य फेरीची रेषा प्रत्येक राज्याला वेगळी, त्यामुळे एका राज्यात नाकारला गेलेला गुण शेजारच्या राज्यात पुरतो. बुद्धी सगळीकडे सारखी पेरलेली असते, शाळा सारख्या नसतात, हे दोन्ही देशांनी नियमातच मान्य केलेलं आहे. मला हे न्यायाचं वाटतं. धारणीच्या आश्रमशाळेजवळचा मुलगा आणि पुण्याच्या कोथरुडातला मुलगा एकाच रेषेवर मोजणं याला गुणवत्ता म्हणता येत नाही.

एनएमएमएसमध्ये पात्र ठरूनही निवड यादीत न बसलेल्या मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांना सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती मिळते, वर्षाला 9,600 रुपये, नववी ते बारावी. वऱ्हाडात कुणबी कुटुंबांची संख्या मोठी आहे, तरीही "यादीत नाव नाही आलं" म्हणून निकालाचा कागद फेकून देणारी घरं असतात. तो कागद जपून ठेवावा. पात्र असणं आणि निवडलं जाणं या दोन गोष्टींमध्येच हे 9,600 रुपये आहेत.

वऱ्हाडानं शिष्यवृत्तीचं मोल फार पूर्वी जाणलं होतं. 1923 साली अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघेपर्यंत इथल्या मुलाला पदवीसाठी नागपूर किंवा पुणं गाठावं लागे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी 27 डिसेंबर 1898 रोजी जन्मलेले पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि तिथून विलायतेला गेले. एडिंबरो विद्यापीठात एम.ए. करताना संस्कृतच्या संशोधनासाठी त्यांनी व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढं ऑक्सफर्डमधून वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर डी.फिल. केलं. कास्तकाराच्या घरातला मुलगा, आणि शिष्यवृत्ती संस्कृतात! परत आल्यावर या माणसानं अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. पुढं ते देशाचे कृषिमंत्री झाले. वसतिगृहाकडं त्यांनी इतकं लक्ष दिलं याचं कारण उघड आहे : गावातल्या मुलाची फी माफ झाली तरी शहरातली खोली आणि डबा माफ होत नाही. आज अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या, व्यावसायिक अभ्यासक्रमांना गेलेल्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो डॉ. पंजाबराव देशमुखांच्याच नावानं. शुल्क-माफीचा अर्ज महाडीबीटीवर भरणारी किती तरी मुलं हा दुसरा अर्ज भरतच नाहीत.

शेवटची अडचण गुणांची नाही, ऋतूची आहे. निकाल मेमध्ये, प्रवेश जून-जुलैमध्ये, आणि तेव्हाच मृगाचा पाऊस पडून कपाशी-सोयाबीनची पेरणी सुरू असते. बाप वावरात, मुलगा सेतू केंद्राच्या रांगेत. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी : सगळं त्याच तीन आठवड्यांत. जात पडताळणीचा प्रस्ताव विज्ञान शाखेच्या मुलानं अकरावीतच टाकावा. आधार कार्ड, गुणपत्रिका आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव अक्षरशः एक आहे का ते दहावीतच तपासावं. पैसे थेट खात्यात येतात, पण ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात येतात. मधल्या काळात कुणी मोबाइलवर नवं खातं उघडून दिलं असेल तर रक्कम तिकडं जाते आणि मुलगा जुन्या पासबुकात शोधत बसतो. बँकेत जाऊन कुठलं खातं जोडलेलं आहे ते विचारलं की दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

म्हणून अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांना एक विनंती आहे. निकालाच्या दिवशी फलकावर फक्त पहिल्या तिघांचे फोटो लावू नका. शाखावार गुणपत्रक घ्या, ऐंशी पर्सेंटाइलची रेषा जाहीर झाली की तिच्या वर असलेल्या प्रत्येक मुलामुलीचं नाव काढा, कला शाखेपासून सुरुवात करा, आणि त्यांच्या घरी फोन करा. अर्जाची मुदत आणि त्या वर्षीचे नियम राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आणि महाडीबीटीवर असतात. ते छापून त्याच फलकावर लावा. पालकांनो, पोरीला किती टक्के पडले हे शेजाऱ्याला सांगण्याआधी तिच्या शाखेत तिच्या मागे किती जण आहेत ते शाळेत जाऊन विचारा, आणि फॉर्म भरा.